अहवालातली दुसरी ओळ

मशीननं सगळ्यात आधी हर्षदाला पुरुष ठरवलं.

नोंदणी कक्षातल्या मुलीनं पडद्याकडे पाहिलं, हर्षदाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि चाचरत म्हणाली, "काकू, नमुना बदलला का काय? हे रक्त पुरुषाचं आहे."

"माझंच आहे गं. मूळ मालक तेवढा जळगावचा," हर्षदा म्हणाली. "सोळा वर्षांपूर्वी माझा बोनमॅरो बदलला. देणारा जळगावचा कुणी भला माणूस, एवढंच कळलं होतं. त्याला नावं नको ठेवूस, बिचाऱ्याच्या जिवावर उभी आहे मी."

मुलीला हसावं की नाही ते कळेना. मी दंडावर कापसाचा बोळा दाबून शेजारी बसले होते. माझा निकाल अजून यायचा होता.

हर्षदा माझी धाकटी जाऊ. श्रीरंग तिचा मुलगा, बावीस वर्षांचा. त्या वर्षी सरकारनं प्रत्येकाच्या जन्मनोंदीवर कायमची मोहोर उठवायला घेतली होती. एकदा मोहोर उठली की त्या नोंदीतलं अक्षरही बदलायचं नाही. श्रीरंगच्या शाळेच्या दाखल्यापासून सगळ्या कागदांवर आईचं नाव हर्षदा सुधीर कुंभोजकर असं होतं. सुधीर भावोजींनी हयात असताना शपथपत्रं करून तेवढं भागवलं होतं. मूळ जन्मनोंदीत मात्र आई म्हणून नाव होतं हेमांगी विनायक कुंभोजकर. म्हणजे माझं.

म्हणून दोघींना बोलावणं आलं, आणि दोघींचं रक्त घेतलं.

त्या मशीनला सरकारी नाव भलं लांबलचक होतं. लोक आपले 'नाळेचं मशीन' म्हणायचे. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर तन्वी गुजर. तिशीतली पोर, पण समजावून सांगायची हौस. तिनं आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवलं. बाळ पोटात असताना वारेतून नुसतं अन्न जात नाही. बाळाच्या काही पेशी उलट वाटेनं आईच्या रक्तात उतरतात. तिच्या हाडांच्या मगजात, यकृतात, काळजातसुद्धा घर करून राहतात. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं. शोध जुना आहे, ती म्हणाली. मुलगे झालेल्या बायकांच्या रक्तात पुरुषाच्या पेशी सापडल्या, तेव्हापासूनचा. नवीन काय, तर लाखो पेशींमधून तेवढी एक वेगळी काढून तिचा डीएनए वाचणारं हे मशीन. बाईच्या एका नळीभर रक्तावरून तिच्या पोटात कोण कोण राहून गेलं, त्याची यादीच येते.

"पण डीएनए जुळवला की झालं ना? एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं.

"काकू, आता बीज एकीचं असतं आणि पोट दुसरीचं. कायद्यानं ठरवलंय, जिच्या पोटातून जन्म ती आई. आणि पोटाला साक्षीदार या पेशीच. दुसरा कुणी नाही."

श्रीरंग तसाच होता. सुधीर भावोजी आणि हर्षदाला मूल होईना, तेव्हा कुणा अनोळखी जोडप्यानं दान केलेला गर्भ हर्षदानं पोटात वाढवला. घरात कुणाशीच त्याचा डीएनए जुळत नाही. अठरावं लागल्यावर त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मी पोटभाडेकरू होतो तर." आणि आईच्या गळ्यात पडला.

हर्षदाच्या अंगातल्या श्रीरंगच्या पेशी आजारात, औषधांत, मगज बदलताना धुऊन निघाल्या. मशीन फक्त रक्त वाचतं, आणि तिचं रक्त म्हणत होतं, ही बाई कधी बाळंत झालीच नाही.

मग माझा कागद आला. त्यावर दोन ओळी होत्या.

पहिली: पुरुष अपत्य, श्रीरंग सुधीर कुंभोजकर यांच्याशी पूर्ण जुळणी.

दुसरी: स्त्री अपत्य, नोंदवहीत जुळणी नाही, नाव नाही.

मी दुसरी ओळ आधी वाचली. पुन्हा वाचली. पहिल्या ओळीकडे माझं लक्ष गेलं ते हर्षदानं माझा हात घट्ट धरला तेव्हा.

*

बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी एकाच सूतिकागृहात होतो. मला नऊ वर्षांनी दिवस गेले होते. मुलगी झाली. चार तास जगली. बारसं नाही, पाळणा नाही, त्यामुळे कुणी तिची जन्माची नोंद केली नाही आणि जाण्याचीही केली नाही. यांनी तिला पांढऱ्या पंचात गुंडाळून नेलं. कुठं नेलं ते मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी हर्षदा बाळंत झाली आणि तिचा रक्तस्राव थांबेना. तिला बेशुद्धीतच मोठ्या दवाखान्यात हलवलं. इकडे बाळ रडतंय, आणि माझा पान्हा प्यायला कुणी नाही. सासूबाईंनी, माईंनी, काही न बोलता बाळ माझ्या पदराखाली दिलं.

बाळाच्या पाचव्या दिवशी पाचवी. माईंनी पाटाखाली कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते म्हणून. नेमका त्याच दुपारी नोंदणीचा माणूस आला. "बाळाच्या आईचं नाव?"

"हेमांगी," माई म्हणाल्या. "ही काय, पाजतेय."

तो लिहून घेऊन गेला. माईंनी माझ्या कानाशी वाकून सांगितलं, "सटवाई हर्षदाचं पोर शोधत आली तर तिला सापडायला नको. एक नेलंन् या घरातलं. दुसरं नाही न्यायचं. बाराव्या दिवशी सुपातून परत देऊ."

आणि तसंच केलं. बाराव्या दिवशी हर्षदा भिंतीला धरधरून घरी आली. तिनं मला सूपभर तांदूळ दिले, मी तिच्या ओटीत तिचं बाळ दिलं. घरापुरता व्यवहार पुरा झाला. सटवाई फसली. सुपाची गोष्ट नोंदवहीला कुणी सांगायची राहिली.

खरं तर तेव्हाच माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर काही बिघडलं नसतं. तो माणूस खाटेपासून दोन हातांवर उभा होता. मी बोलले नाही. माईंच्या धाकानं नाही. 'बाळाच्या आईचं नाव, हेमांगी' हे ऐकायला मला बरं वाटलं होतं.

त्या चातुर्मासात मी असत्य न बोलण्याचा नेम घेतला. चार महिन्यांनी उद्यापन करायचं असतं. माझ्यानं झालं नाही. तो नेम तसाच चालू राहिला.

हर्षदाला दूध आलंच नाही. श्रीरंग नऊ महिने माझ्या अंगावर प्याला.

*

हे सगळं मी डॉक्टर गुजरला सांगितलं, एकटीला गाठून. सुपाचं ऐकताना तिला हसू येत होतं. दुधावर आल्यावर ती हसायची थांबली. पेनचं टोपण काढत घालत बसली.

"आईच्या पेशी दुधातून बाळात जातात हे माहीत आहे," ती म्हणाली. "पण बाळ ओढतं तेव्हा त्याची लाळही मागे आत शिरते. त्यातून बाळाच्या पेशी गेल्या आणि रुजल्या तर? नऊ महिने, रोज आठ-दहा वेळा..." ती उठून उभी राहिली. "काकू, असं असेल तर हे मशीन गावोगावच्या दुधाच्या आया पोटाच्या म्हणून मोजतंय!"

"मग तसं लिहा की, बाई."

"लिहीन. पण सिद्ध करायला तीन-चार वर्षं जातील. नियमावलीत दुधाचा रकानाच नाही."

"आणि आमच्याकडे दिवस किती?"

"अकरा."

मग तिनं मला पडद्यावर दोन चौकोन दाखवले. मान्य आणि अमान्य. मान्य केलं, किंवा मुदत टळू दिली, तर श्रीरंगची आई मी. त्यावर मोहोर. आणि बावीस वर्षं आई म्हणून सह्या करणाऱ्या हर्षदावर खोट्या मातृत्वाचा खटला. त्या कायद्यात दया नव्हती. मुलं पळवणाऱ्यांसाठी केलेला होता तो.

अमान्य करायचं तर शपथ घ्यायची. शपथेचं वाक्य छापील होतं: अहवालातील कोणतेही अपत्य माझ्या पोटी जन्मलेले नाही. मग अहवाल रद्द, नमुना नष्ट, आणि बावीस वर्षांच्या कागदांच्या आधारे हर्षदाच्या नावावर मोहोर.

"पहिली ओळ खोटी आहे. दुसरी खरी आहे," मी म्हणाले. "मला पहिलीच तेवढी खोडायची आहे."

"ओळ खोडता येत नाही, काकू. मशीन एका ओळीत चुकलं म्हणायचं तर सबंध वाचनच चुकलं, असं नियम म्हणतो."

"मग मागाहून पुन्हा चाचणी करा माझी. फक्त तिच्यासाठी."

तिनं मान हलवली. बाईची चाचणी आयुष्यात एकदाच. घरच्यांनी संशयापोटी बायकांना पुन्हा पुन्हा तिथं उभं करू नये म्हणून तो नियम होता. चांगल्यासाठीच केलेला. सगळेच नियम कुणाच्या तरी चांगल्यासाठी केलेले होते, आणि मी त्यांच्या मधोमध उभी होते.

*

घरी कुणीच मला कशाला भाग पाडलं नाही. तेच जड गेलं.

हर्षदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताई, तुरुंगात मला डबा आणशील ना? तुझा तो उपासाचा नको हं. वऱ्याचे तांदूळ खाऊन मी शिक्षा संपायच्या आतच जाईन."

"गप्प बस."

ती गवारीच्या शेंगा मोडत राहिली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "अमान्य कर, असं मी नाही म्हणायची. ती माझी पुतणी आहे. तिला कुणी पाहिलंसुद्धा नाही गं. त्या कागदावर का होईना, आहे ती." मोडायच्या शेंगा संपल्या होत्या तरी तिचे हात चालू होते. "पण त्याच्या नावामागून मला कुणी काढू नये. एवढंच वाटतं."

श्रीरंग मला मोठ्याई म्हणतो. तो दोन दिवस माझ्यासमोर यायचं टाळत होता. शेवटी मीच त्याला धरलं. "रंगा, तू सांग. तुझं काय म्हणणं?"

"मला नको विचारूस, मोठ्याई. मी आत होतो तेव्हा. बाहेर कुणाचं पोट आहे ते आतून दिसत नव्हतं." हसायचा प्रयत्न केला त्यानं. मग म्हणाला, "तुझं दूध प्यालो नसतो तर हे झालंच नसतं ना?"

"प्याला नसतास तर तू असतास कुठं?" मी म्हणाले.

यांचं मात्र ठाम होतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मान्य कर."

हे चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त. आवाज कधी चढत नाही. त्या कागदाची घडी शर्टाच्या खिशात घालून हिंडत. दिवसातून दहादा काढून वाचत. मला वाटलं, यांना मुलगा हवाय. नावापुढे कुणीतरी लागावं, अखेरीला कुणी पाणी पाजावं. मला त्यांचा राग आला, आणि आमचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी तो बोलून दाखवला.

"भावाचा मुलगा घ्यायचा, आणि भावाच्या विधवेला कोर्टात उभी करायची? सुधीर भावोजी असते तर तोंड दाखवलं असतंत?"

यांनी कागद उलगडला आणि माझ्यापुढे धरला. त्यांचं बोट पहिल्या ओळीवर नव्हतं.

"रंग्या आपलाच आहे. कुणाच्याही नावावर असू दे," हे म्हणाले. "हिला मी एकट्यानं पुरलं, हेमा. कालव्याच्या पलीकडच्या मळ्यात. घरी आलो तेव्हा नखांत माती होती. माई म्हणाली, आंघोळ कर आणि विसर. बावीस वर्षांत हिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तू नाही, मी नाही. आता एक मशीन म्हणतंय की ती होती. आणि तू म्हणतेस, ते पुसून टाकूया?"



"नाव नाही म्हणे," हे कागदाकडे बघत पुटपुटले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. कागदाची घडी केली, खिशात ठेवली.

त्या दिवसापासून मी देवापुढे बसायचे ते नुसती बसायचे. मागायचं काय, तेच ठरत नव्हतं. लेकीचं खरं बोलावं तर हर्षदा जाते. गप्प राहावं तरी हर्षदाच जाते. आणि गप्प राहण्याचं पाप मी एकदा केलेलंच होतं. उरलं एकच दार, आणि त्यातून बाहेर पडायचं तर माझ्या लेकीला मी माझी नव्हे म्हणायचं. तेही शपथेवर.

*

मुदतीचा शेवटचा दिवस पिठोरी अमावास्येचा होता. कक्ष पाच वाजता बंद व्हायचा. मी साडेचारला पोचले. निर्जळी होती, जिन्यात जरा डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर गुजरनं खुर्ची दिली.

"मोठ्यानं वाचायचं, काकू. मग अंगठा."

"मनात वाचलं तर?"

"आवाजाची नोंद लागते."

पडद्यावर वर त्या दोन ओळी होत्या, खाली शपथेचं वाक्य. बावीस वर्षं मी पाहुण्यांना 'बरी आहे' असंसुद्धा बरी नसताना म्हणाले नव्हते. लोक हसायचे. मी घसा साफ केला आणि वाचलं. "अहवालातील कोणतेही अपत्य..." इथं माझा आवाज गेला. मशीननं पुन्हा सुरुवातीपासून वाचायला सांगितलं.

दुसऱ्यांदा सबंध वाचलं. अंगठा ठेवला.

पहिली ओळ चटकन गेली. दुसरी जरा रेंगाळली. किंवा मलाच तसं वाटलं असेल.

"पेशी कुठं जात नाहीत, काकू," डॉक्टर गुजर हळूच म्हणाली. "कागदावरून गेल्या. तुमच्यात आहेतच."

"आणि मी गेल्यावर?"

ती उठली. मला जिन्यापर्यंत हात धरून सोडायला आली.

घरी आले तेव्हा हे पडवीत, पाठ करून बसले होते. माझ्या चालण्यावरूनच त्यांना कळलं असावं. त्यांनी खिशातला कागद काढला नाही, मागे वळून पाहिलंही नाही.

मी आंघोळ करून सोवळं नेसले. हर्षदानं खीर-पुऱ्या करून ठेवल्या होत्या, कणकेचे दिवे लावले होते.

पिठोरीचं व्रत मुळात मुलं न जगणाऱ्या बायकांचं. पूजा झाली की आईनं नैवेद्याची थाळी डोक्यावर धरायची आणि मागे न बघता विचारायचं, 'अतीत कोण?', म्हणजे दारी आलेला पाहुणा कोण. मागून मुलानं आपलं नाव सांगायचं आणि थाळी काढून घ्यायची. आमच्या घरात दोन थाळ्या होतात. हर्षदाच्या थाळीला श्रीरंग उत्तर देतो. माझ्या थाळीला त्यानं उत्तर द्यायचं नाही, असं माईंनी तो बोलायला लागला तेव्हाच बजावलं होतं: एका तोंडानं दोन आयांना हाक दिली तर सटवाईला सगळा डाव कळेल. माई गेल्या, पण आम्ही ते मोडलं नाही. मी दर वर्षी तीनदा विचारते, जरा थांबते, आणि थाळी तुळशीपाशी पाखरांसाठी नेऊन ठेवते.

हर्षदा बसली. तिनं थाळी डोक्यावर धरली. 

"अतीत कोण?"

"श्रीरंग. श्रीरंग हर्षदा कुंभोजकर," तो मागून म्हणाला, सगळं नाव, शाळेत हजेरी द्यावी तसं. थाळी घेताना त्याला हुंदका आला.

मग मी बसले. दिवे मंद जळत होते. दुपारी जे तोंडातून काढलं होतं, त्यानंतर हा प्रश्न विचारायचा मला अधिकार राहिला आहे का, ते कळत नव्हतं. पण नेम नेमच. मी थाळी डोक्यावर घेतली.

"अतीत कोण?"

मागे कुणी हललं नाही.

"अतीत कोण?"

श्रीरंगनं श्वास घेतलेला मला ऐकू आला. लगेच हर्षदाच्या बांगड्या वाजल्या. तिनं त्याला अडवलं असावं.

माझे हात भरून आले होते. तिसऱ्यांदा विचारताना आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले असतील.

"अतीत कोण?"

पडवीतली खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. मग चार पावलं. माझ्या अगदी पाठीशी येऊन ती थांबली.

"रेवती," हे म्हणाले.

 खाकरले, आणि पुन्हा म्हणाले, नीट, "रेवती. रेवती हेमांगी कुंभोजकर."

पडद्यावरची ती 'नाव नाही' लिहिलेली जागा पुसून दोन तास झाले होते.

डोक्यावरची थाळी हलकी झाली. मागे वळून बघायचं नसतं. मी नाही बघितलं.